नगर कशाला म्हणावे : एका व्याख्येचे रसग्रहण

रसग्रहण आपण कवितेचे करतो, कथेचे करतो, क्वचित एखाद्या पत्राचेही करतो. सरकारी व्याख्येच्या वाट्याला ते येत नाही. तरी भारताच्या जनगणनेत ‘नगर’ कशाला म्हणावे हे सांगणारा जो मोजक्या ओळींचा मजकूर आहे, तो शब्द न शब्द थांबून वाचावा असा आहे. १९६१ च्या जनगणनेपासून किरकोळ बदल सोडले तर तो टिकून आहे. त्याच्याच आधारे २०११ मध्ये देशात ७,९३५ नगरे मोजली गेली आणि देशातील ३१.१६ टक्के माणसे नागरी ठरली. इतक्या थोड्या शब्दांनी इतक्या लोकांचा पत्ता ठरवला जातो. त्या शब्दांत काय आहे आणि काय नाही, हे पाहायला हवे.

मी हा मजकूर पाथरी समोर ठेवून वाचतो. पाथरी हे परभणी जिल्ह्यातले तालुक्याचे ठिकाण. तालुक्याच्या दक्षिणेला गोदावरी आणि तिच्यावरचा ढालेगावचा बंधारा, शिवारांना पाणी देणारा जायकवाडीचा डावा कालवा, कल्याणहून अहिल्यानगर, परभणी, नांदेडमार्गे निर्मलला जाणारा ६१ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग. रेल्वे गावाला नाही. तिच्यासाठी मानवत रोड गाठावे लागते. मुंबई किंवा पुणे समोर ठेवून ही व्याख्या वाचली तर ती कुठेच अडत नाही, त्यामुळे काही शिकवतही नाही. पाथरीसारख्या गावात तिचा प्रत्येक शब्द कसाला लागतो.

मजकुराचे दोन भाग आहेत. पहिला भाग म्हणतो : जिथे महानगरपालिका, नगरपालिका, छावणी मंडळ किंवा कायद्याने अधिसूचित अशी नागरी संस्था आहे, ते नगर. याला वैधानिक नगर म्हणतात. दुसरा भाग म्हणतो : अशी संस्था नसली तरी जिथे किमान ५,००० लोक राहतात, मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेरच्या कामात आहेत आणि दर चौरस किलोमीटरला किमान ४०० माणसे आहेत, तेही नगर. हे जनगणना नगर. २०११ च्या नगरांपैकी ४,०४१ पहिल्या प्रकारची होती, ३,८९४ दुसऱ्या प्रकारची.

दोन्ही भागांचा स्वर वेगळा आहे. पहिला भाग काहीच मोजत नाही. राज्याने ज्याला शहर म्हटले, ते तो मान्य करतो. दुसरा भाग कोणाचेच ऐकत नाही. तो फक्त मोजतो. पाथरीला नगर परिषद आहे, म्हणून पाथरी पहिल्या भागानेच नगर ठरते. तिला तीन अटींची परीक्षा द्यावी लागत नाही. परभणी जिल्ह्याच्या नऊ तालुक्यांची मुख्य ठिकाणे पाहिली तर परभणीला महापालिका आहे, पालमला नगरपंचायत आणि गंगाखेड, सेलू, जिंतूर, मानवत, पाथरी, सोनपेठ, पूर्णा यांना नगर परिषदा. म्हणजे या जिल्ह्याचे नागरीपण मुख्यतः पहिल्या भागातून, राज्याच्या शब्दातून आलेले आहे.

राज्याचा शब्द हा वरवरचा पुरावा वाटू शकतो. पाथरीच्या बाबतीत तो तसा नाही. सोळाव्या शतकात अहमदनगरची निजामशाही आणि वऱ्हाडची इमादशाही या गावासाठी लढल्या. इतिहासकार फरिश्त्याने निजामशाही घराण्याचे मूळ पाथरीच्या कुलकर्णी घराण्याशी जोडले आहे. अकबराच्या काळात पाथरी वऱ्हाड सुभ्यातल्या एका सरकारचे ठाणे होते आणि ऐने अकबरीत त्याची नोंद आहे. इथून वसूल गोळा होत होता, इथून हुकूम सुटत होते. नगरपणाची ही फार जुनी खूण आहे : आजूबाजूच्या गावांची कामे जिथे होतात ते नगर. व्याख्येचा पहिला भाग ही खूण नकळत सांभाळतो, कारण संस्था सहसा अशाच गावाला मिळते.

आता तीन अटी. पहिली, पाच हजारांची, सर्वांत साधी. एक उंबरठा ठरवायचा तर कुठला तरी आकडा लागतोच, आणि १९६१ च्या आधी जनगणना अधीक्षकांच्या विवेकाला जो मोठा वाव होता, त्याच्या जागी आकडा येणे हीच प्रगती होती. याच आकड्यांच्या शिडीवर पुढे नगरांचे सहा वर्गही बसवले आहेत. एक लाखाच्या वरचे पहिल्या वर्गात, पाच हजारांखालचे सहाव्या. वीस हजार ते पन्नास हजार हा तिसरा वर्ग, आणि पाथरी त्यात येते.

दुसरी अट ही या मजकुराची सर्वांत दाट ओळ. ‘मुख्य’, ‘पुरुष’, ‘शेतीबाहेर’ हे तीन शब्द तिच्यात एकमेकांना खेटून उभे आहेत. मुख्य काम म्हणजे वर्षातले सहा महिने किंवा अधिक केलेले काम. हा निकष कागदावर निर्मळ आहे. मराठवाड्यात मात्र वर्षाचे दोन तुकडे पडतात. दिवाळीच्या आसपास कोयते निघतात आणि गळीत हंगाम संपेपर्यंत कुटुंबेच्या कुटुंबे उसाच्या फडात असतात. २०११ ची गणना ९ ते २८ फेब्रुवारी या काळात झाली. त्या संपूर्ण काळात जे घरी नव्हते ते जिथे होते तिथे मोजले जावेत, असा जनगणनेचा नियम आहे. म्हणजे ऐन हंगामात पश्चिम महाराष्ट्रातल्या किंवा कर्नाटकातल्या फडावर असलेली माणसे इथल्या गावांच्या बेरजेत येत नाहीत. उलट देवनांद्रा आणि लिंबा इथल्या कारखान्यांवर हंगामापुरते आलेले मजूर इथल्या आकड्यात येऊ शकतात. एकाच तालुक्याची फेब्रुवारीतली लोकसंख्या आणि जूनमधली लोकसंख्या हे दोन वेगळे आकडे आहेत. व्याख्येला फेब्रुवारी तेवढा दिसतो.

‘पुरुष’ हा शब्द त्याहून जड. अट लावताना स्त्रियांचे काम हिशेबात घेतलेलेच नाही. यामागे व्यावहारिक कारण आहे : स्त्रियांचे काम नोंदवण्याच्या पद्धती जनगणनेगणिक बदलल्या, प्रगणक आणि घरातला कर्ता यांच्या बोलण्यात ते निसटले, त्यामुळे एका दशकाची तुलना दुसऱ्याशी होईना. पण परिणाम पाहा. कापसाची वेचणी, खुरपणी, सोयाबीनची काढणी ही कामे मोठ्या प्रमाणात बायकांच्या हातून होतात. पुरुष मोंढ्यावर हमालीला, जिनिंगमध्ये, रिक्षावर किंवा दुकानात आणि त्याच घरातली बाई शेजारच्या शिवारात रोजाने, असे असंख्य संसार तालुक्याच्या गावांत चालतात. व्याख्या त्या घराचा अर्धा भाग वाचते आणि घर पूर्णपणे नागरी ठरवते. बायकांचे काम धरले असते तर अनेक गावांचा टक्का पंच्याहत्तरच्या खाली आला असता. शहर आणि शेत यांची सरमिसळ जिथे होते, त्याच ठिकाणी मजकूर मौन पाळतो. हे मौन मला या व्याख्येचा सर्वांत मोठा दोष वाटते.

तिसरी अट घनतेची : दर चौरस किलोमीटरला ४००. एका चौरस मैलाला १,००० या जुन्या मापातून ती आली. घनता काढताना लोकसंख्येला संपूर्ण महसुली हद्दीने भागतात. मराठवाड्यातले गाव गावठाणात दाटीने वसलेले असते आणि त्याचे शिवार दूरवर पसरलेले. समजा, एखाद्या गावात ५,००० लोक आहेत आणि शिवार २० चौरस किलोमीटरचे आहे. घनता येते २५०. प्रत्यक्षात घराला घर लागून आहे, गल्लीतून बैलगाडी निघणे मुश्कील, पण कागदावर ते विरळ. तेच शिवार १० चौरस किलोमीटरचे असते तर घनता ५०० झाली असती. माणसे तीच, घरे तीच. बदलली ती फक्त महसुली रेघ.

या रेघेच्या अडचणीवर जगाने अलीकडे एक उत्तर लिहिले आहे, तेही शेजारी ठेवून वाचण्यासारखे आहे. मार्च २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाने ‘नागरीकरणाची पातळी’ ही पद्धत मान्य केली. ती कोणत्याही देशाची हद्द विचारात घेत नाही. सगळी भूमी एक चौरस किलोमीटरच्या चौकटींत विभागायची. सलग चौकटींत दर चौरस किलोमीटरला किमान १,५०० माणसे आणि मिळून किमान ५०,००० असतील तर ते नागरी केंद्र. किमान ३०० ची घनता आणि मिळून किमान ५,००० असतील तर तो नागरी समूह. उरलेले ग्रामीण. तिसऱ्या वर्गातली पाथरी इथे पन्नास हजारांच्या खालीच राहते, म्हणून मधल्या पायरीवर येते. ही मधली पायरी मला महत्त्वाची वाटते. आपली व्याख्या नगर किंवा खेडे एवढेच म्हणते. ही पद्धत छोट्या नगरांना स्वतंत्र ओळख देते.

या पद्धतीसाठी लागणारा डेटा युरोपीय आयोगाच्या संशोधन केंद्राने सर्वांसाठी खुला ठेवला आहे. लँडसॅट आणि सेंटिनेल या उपग्रहांच्या चित्रांतून बांधकामाची जमीन ओळखायची आणि जनगणनेची लोकसंख्या त्या बांधकामांवर वाटून द्यायची, असे तिचे काम चालते. म्हणजे आकाशातून आलेले वाटणारे हे आकडेही शेवटी प्रगणकाच्या वहीवरच उभे आहेत. भारताची शेवटची वही २०११ ची. त्यानंतरच्या वर्षांचे आकडे अंदाजाने पुढे ओढलेले असतात.

बांधकाम ओळखण्यातही इथल्या मातीचा अडथळा आहे. मराठवाड्याची जुनी घरे माळवदाची : लाकडी सर, त्यावर किलचण आणि वर मातीचा जाड थर. उन्हाळ्यात पीक निघालेले रान आणि मातीचे माळवद यांच्यावरून परतणारा प्रकाश जवळजवळ सारखाच असतो. कोरड्या प्रदेशात उघडी जमीन आणि बांधकाम यांची गफलत ही उपग्रहचित्रे वाचणाऱ्यांची ओळखीची अडचण आहे. त्यामुळे पत्र्याची आणि स्लॅबची नवी वस्ती आधी दिसते, जुने गावठाण नंतर. गावाचा इतिहास ज्या भागात आहे तोच भाग यंत्राला अंधुक दिसतो.

खासगी कंपन्यांचा डेटा ही या वाचनातली पुढची पायरी. गूगलने २०२१ मध्ये आफ्रिकेपासून इमारतींच्या बाह्यरेषा खुल्या करायला सुरुवात केली आणि पुढे त्यात दक्षिण आशियाही घेतला. मायक्रोसॉफ्टनेही अशा रेषा दिल्या. डिसेंबर २०२२ मध्ये ॲमेझॉन, मेटा, मायक्रोसॉफ्ट आणि टॉमटॉम यांनी ओव्हर्चर मॅप्स फाउंडेशन उभारले. २००४ पासून स्वयंसेवक ओपनस्ट्रीटमॅप हा खुला नकाशा घडवत आहेत. खुले आणि व्यापारी यांच्यातली सीमा आता सरळ राहिलेली नाही : कंपनीने तयार केलेला डेटा खुला असतो आणि खुल्या नकाशावर कंपन्यांचा धंदा चालतो. इमारतींच्या या रेषा पाथरीसारख्या गावांसाठी मोलाच्या आहेत, कारण इतक्या बारकाईचा नकाशा छोट्या गावांच्या वाट्याला याआधी क्वचितच आला.

मात्र व्यापारी डेटा जमतो तो व्यवहाराच्या कडेने. ज्या दुकानाने आपली नोंद नकाशावर केली ते दिसते; आठवडी बाजारात कापड अंथरून बसलेली भाजीवाली दिसत नाही. मोबाइलच्या ठिकाणांवरून गर्दी मोजली तर फोन मोजले जातात, माणसे नाहीत, आणि घरात एकच फोन असेल तर तो बहुधा पुरुषाच्या खिशात असतो. जनगणनेच्या अटीत स्त्री जशी गळली, तशीच ती इथेही गळते. रात्रीच्या प्रकाशावरून नागरीपण ठरवणारा नासाचा डेटा खुला आहे आणि उपयुक्तही. पण तो उपग्रह मध्यरात्रीनंतर दीडच्या सुमारास डोक्यावरून जातो. बाजारपेठेचे गाव दिवसा जगते. दुपारी मोंढ्यात कापसाच्या गाड्यांची जी रांग लागते तिचा उजेड रात्री दीडला कुठून दिसणार?

एक उदाहरण पाथरीचेच. साईबाबांचे जन्मस्थान पाथरी आहे असे मानणारा मोठा वर्ग आहे. जानेवारी २०२० मध्ये तत्कालीन मुख्यमंत्र्यांनी पाथरीच्या विकासासाठी १०० कोटी रुपयांचा उल्लेख केला तेव्हा शिर्डीतून विरोध झाला आणि १९ जानेवारीला शिर्डी बंद राहिली. त्या वादाचा निवाडा इथे करायचा नाही. वर्गीकरणापुरते इतकेच पाहायचे : यात्रेकरू वाढले की लॉजची नोंद वाढेल, फोनची गर्दी वाढेल, व्यापारी डेटात पाथरीचा वर्ग वर जाईल. गावातल्या नळाला पाणी किती दिवसांनी येते, हे त्या वर्गात कुठेच नसेल. पाहुण्यांच्या खर्चावरून यजमानाचे जगणे कळत नाही.

शहरांच्या आतल्या वस्त्यांचे वर्ग पाडण्याची परंपराही जुनी आहे. चार्ल्स बूथने १८८९ मध्ये लंडनच्या गल्ल्या काळ्यापासून पिवळ्यापर्यंत सात रंगांत रंगवल्या. सर्वांत गरीब वस्तीच्या काळ्या रंगासोबत त्याने गुन्हेगारीचा शेराही जोडला, म्हणजे मोजमापातच निकाल मिसळला. आपल्याकडे धनंजयराव गाडगीळांच्या मार्गदर्शनाखाली गोखले अर्थशास्त्र संस्थेने १९३६–३७ मध्ये पुण्याची पाहणी केली. तिचे खंड १९४५ आणि १९५२ मध्ये निघाले. त्यात कुटुंबांचे व्यवसाय, उत्पन्न, घरे यांची नोंद होती आणि ती कशी घेतली हेही लिहिलेले होते. ब्रिटनमध्ये सत्तरच्या दशकात रिचर्ड वेबर यांच्या कामातून ‘एकॉर्न’ हे व्यापारी वर्गीकरण आले. त्याची कृती कंपनीच्या हाती राहिली. पुढे लीड्स विद्यापीठातल्या डॅन विकर्स आणि फिल रीस यांनी २००१ च्या जनगणनेचे ४१ घटक घेऊन वस्त्यांचे सात मोठे गट पाडले आणि सगळी कृती खुली केली. एकाच कामाच्या या दोन रीतींत मला खुली रीत श्रेष्ठ वाटते, कारण तिच्यातली चूक दुसऱ्याला दाखवता येते.

पाथरीसाठी हे करता येईल का? येईल. २०११ च्या जनगणनेने नगरांचे आकडे वॉर्डनिहाय दिले आहेत : साक्षरता, कामगार आणि कामाचे प्रकार, तसेच घरात नळ आहे का, गटार झाकलेले आहे की उघडे, शौचालय, वीज, बँक खाते, दुचाकी. हे टक्के एका मापावर आणायचे, सारखे वॉर्ड एकत्र करायचे आणि प्रत्येक गटाला त्याच्या लक्षणांवरून साधे नाव द्यायचे. उघड्या गटारांचे वॉर्ड म्हणजे उघड्या गटारांचे वॉर्ड. त्यांना ‘मागास वस्ती’ म्हणायचे नाही. प्रभागांच्या हद्दी निवडणुकीगणिक बदलतात, त्यामुळे जुने वॉर्ड आणि आजचे प्रभाग जुळवायला गावाची माहिती असलेला माणूस लागेल. ते काम संगणक एकटा करू शकत नाही.

तरीही एक ओळ सगळ्याच व्याख्यांत कमी पडते. गाव स्वतः किती मोठे, किती दाट, किती श्रीमंत हे त्या विचारतात; ते इतरांच्या किती उपयोगी पडते हे विचारत नाहीत. पाथरीत तहसील आहे, पंचायत समिती आहे, बाजार समिती आहे, एसटीचे आगार आहे. १९५० मध्ये एफ. एच. डब्ल्यू. ग्रीन यांनी इंग्लंड आणि वेल्समधल्या बसगाड्यांच्या फेऱ्यांवरून कोणत्या गावाचा प्रभाव किती दूर पोचतो हे दाखवले होते. महाराष्ट्रात १९४८ पासून धावणारी एसटी हा असाच तयार डेटा आहे. पाथरी आगारातून कोणत्या खेड्याला दिवसात किती गाड्या जातात, शेवटची कधी सुटते, यावरून पाथरीचे नगरपण कोणत्याही उपग्रहापेक्षा स्पष्ट वाचता येईल. सातबारा, बियाणे, दवाखाना, कॉलेज यांसाठी ज्यांना पाथरीला यावे लागते, त्यांच्या येण्याजाण्यात ते नगर आहे.

मग जनगणनेच्या या जुन्या व्याख्येचे मोल काय? तिच्यात उणिवा आहेत आणि त्या मी लपवल्या नाहीत. पण ती उघडी आहे. तिचे तीनही आकडे कोणालाही पाठ करता येतात आणि पडताळता येतात. मराठीला अशा पडताळणीची जुनी सवय आहे. चौदाव्या शतकातल्या महानुभावांच्या स्थानपोथीत चक्रधरस्वामी जिथे राहिले त्या जागांचे वर्णन दिशा, दारे आणि देवळे सांगून केले आहे, आणि तिच्या आधारे अभ्यासकांना शतकांनंतरही त्या जागा शोधता आल्या. ज्या वर्णनाची खातरजमा दुसऱ्याला करता येते तेच टिकते. गुप्त सूत्राने पाथरीला चांगला वर्ग दिला तरी तो पाथरीच्या कामाचा नाही, कारण तो का मिळाला आणि कधी जाईल हे पाथरीला कळणार नाही.

पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. त्या निमित्ताने तीन गोष्टी मागाव्यात. दुसऱ्या अटीत स्त्रियांचे काम धरून केलेला हिशेबही शेजारी छापला जावा. वॉर्डांच्या हद्दी आकड्यांबरोबरच खुल्या व्हाव्यात. आणि सरकार किंवा नगर परिषद एखाद्या कंपनीच्या वर्गीकरणावरून निधी ठरवणार असेल तर त्याची कृती लोकांना वाचायला मिळावी. आपल्या जिल्ह्याची जनगणना पुस्तिका काढा, आपल्या गावाचे पान उघडा आणि त्यातला प्रत्येक आकडा गल्लीत जाऊन ताडून पाहा. जिथे तो चुकला असेल तिथे लेखी हरकत घ्या. आपल्या गावाची व्याख्या लिहिण्याचा पहिला हक्क त्या गावात राहणाऱ्यांचा आहे.